पहिल्या कडव्यानंतरचं कुलूप

बटणबाईनं पगार मागितला आणि चर्चच्या पंचांच्या बैठकीत चहाचे कप हवेतच थांबले.

मंडळीत तिचं खरं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण हाक मारायची वेळ आली की बटणबाई. रविवारी उपासना संपली की ती बाकांमधून फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना फोनवर कुठलं बटण दाबायचं ते शिकवायची. त्यावरून कुणीतरी थट्टेनं हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. पुढं मंडळीच्या गीतांचं अ‍ॅप तिनं एकटीनं बनवलं, तेव्हा तर ते कायमचंच झालं. त्याचा तिला राग नव्हता. रागवायला तिच्याकडे दुसरी भरपूर कारणं होती.

“पगार?” सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. विमा कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, समोरच्याला गप्प कसं करायचं हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. “अगं, ही सेवा आहे. सेवेला कुणी पगार मागतं का?”

“पाळकसाहेबांना मिळतो,” ती म्हणाली. “माळ्याला मिळतो. परवा तुमच्या डोक्यावरचा पंखा दुरुस्त करायला माणूस आला होता, तो काय प्रार्थना म्हणून परत गेला?”

पाळकसाहेबांना एकदम खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं. खजिनदार हसला आणि लगेच खोकला.

आता हे अ‍ॅप कुठून आलं ते सांगायला हवं. बटणबाईचे वडील छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायचे. मंडळीचं गीतांचं पुस्तक त्यांनीच जुळवलेलं, प्रुफंही त्यांनीच वाचलेली, आणि रविवारी गाणं उभं करायचं, म्हणजे पहिली ओळ उचलून द्यायची, तेही त्यांनीच. पैसे घेणं सोडाच, कुणी विषय काढला तरी ते उठून जात. म्हातारपणी त्यांचे डोळे गेले. स्वतः जुळवलेलं पुस्तक मांडीवर घेऊन ते नुसते पानांवरून बोटं फिरवत बसायचे, आणि लेक ते बघायची. ती तेव्हा एका बँकेच्या संगणक विभागात होती. तिनं बाबांसाठी मंडळीतल्या माणसांकडून गीतं म्हणवून घेतली, फोनमध्ये घातली, आणि फोननं पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवावी अशी सोय केली. मग रोजची प्रार्थना आली, रोजचं वाचन आलं. मग इस्पितळातल्या रुग्णांना हवं झालं, रात्रपाळीवाल्यांना हवं झालं, परदेशी गेलेल्यांना हवं झालं. हे एवढं वाढलं की बँक आणि अ‍ॅप दोन्ही होईनात. तिनं बँक सोडली. किरकोळ दुकानांची कामं घेऊन ती जेमतेम भागवत होती.

एक चूक मात्र तिनं केली, आणि तीही बाबांचं ऐकून. अ‍ॅपची नोंदणी करताना ते म्हणाले, “स्वतःच्या नावावर कशाला करतेस? आपलं काय आहे त्यात?” तिनं ते मंडळीच्या नावावर केलं आणि पासवर्ड पंचांच्या हाती दिला. नम्रपणा म्हणून केलेल्या गोष्टी नंतर फार महाग पडतात.

अ‍ॅप सगळ्यांच्या फोनमध्ये गेलं तसं पंचांनी गीतांची जुनी पुस्तकं रद्दीवाल्याला देऊन टाकली. बाकांच्या पाठीमागं पुस्तकांसाठी कप्पे होते, त्यांत आता लोक पाण्याच्या बाटल्या ठेवत.

आणि आता एका कंपनीचा प्रस्ताव आला होता. अशी धार्मिक अ‍ॅपं गोळा करणारी कंपनी. ती हे अ‍ॅप विकत घेणार, ऐकणाऱ्यांकडून दरमहा शुल्क घेणार, आणि त्यातला वाटा मंडळीला देणार. सेक्रेटरींनी कागद टेबलावर ठेवला आणि छताकडे बोट दाखवलं. तिथं ओलीचा मोठा डाग होता.

“हे छप्पर गळतंय. ते काय नुसत्या गाण्यानं बुजणार आहे?” ते म्हणाले. “आणि खरं सांगू का, फुकट गोष्टीची लोकांना किंमत नसते. खिशातून पैसा गेला की माणूस मन लावून ऐकतो. यात वाईट काय आहे?”

ते अगदीच खोटं बोलत नव्हते, हे कबूल करायला हवं. छप्पर गळत होतंच. फुकट मिळालेल्या गोष्टी न उघडता पडून राहतात, हेही आपण आपल्या घरात बघतो. पण बटणबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती दुसऱ्याच कारणानं.

“इतकी वर्षं मी केलं ते सेवा,” ती म्हणाली, “आणि तेच तुम्ही विकायला काढलं की माल? ऐकणाऱ्याकडून एक पैसा घ्यायचा नाही, काका. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांच्यासाठीच हे केलंय. पण मलाही पोट आहे. अ‍ॅप बिघडतं, नवीन फोन आले की पुन्हा बसवावं लागतं, माणसं दिवसभर फोन करतात. त्याचा पगार मंडळीनं मला द्यावा.”

“म्हणजे कंपनी देते ते नको, आमच्या खिशातलं हवं?” खजिनदारानं विचारलं.

“हो. तुमच्याच खिशातलं हवं.”

“विचार करू,” सेक्रेटरी म्हणाले. पंच विचार करू म्हणाले की विचार तिथंच संपतो, हे मंडळीत नव्यानं आलेल्यालाही कळतं. बटणबाई उठली, आणि जाताना तिनं दार जरा जोरातच लावलं.

त्याच आठवड्यात घंटाआजी गेल्या. शाळेत घंटा द्यायचं काम जन्मभर केलं म्हणून घंटाआजी. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. शेवटचं वर्ष त्या अंथरुणावरच होत्या, आणि उशाशी फोन ठेवून दिवसभर गीतं ऐकायच्या. त्यांचा मुलगा, बेकरीवाला, म्हणायचा की आईला मुलापेक्षा बटणबाईचा जास्त लळा आहे. त्यांचं आवडतं गीत ठरलेलं होतं आणि ते आपल्या मातीच्या वेळी म्हणावं, असं त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला बजावून ठेवलं होतं.

गीत मोठं होतं. पहिल्या कडव्यात माणूस अंधारात वाट चुकलेला, हातातला कंदील विझलेला. दुसऱ्यात लांबून कुणीतरी हाक मारतं. असं चालत चालत शेवटच्या कडव्यात दार उघडतं, आणि आत त्याच्यासाठी ताट वाढून ठेवलेलं असतं. दफनाला हेच गीत का निवडतात हे सांगायला नको. कबरीत माती भरायला वेळ लागतो, आणि माती पूर्ण भरेपर्यंत या मंडळीत गाणं थांबवत नाहीत.

पेटी खाली उतरली. पाळकसाहेबांनी पहिली मूठ टाकली. फावडी चालू झाली आणि सगळ्यांनी खिशातून, पर्समधून फोन काढले. पहिलं कडवं दणक्यात झालं. अंधार झाला, वाट चुकली, कंदील विझला. लोकांनी बोटानं पडदा वर सरकवला आणि तिथं एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र आलं.

गाणं एकदम थांबलं. कुणी फोन हलवून बघितला, कुणी शेजाऱ्याच्या फोनमध्ये डोकावलं. आणि त्या शांततेत बाबांचा फोन, ज्याला पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचायची सवय लेकीनंच लावलेली, खणखणीत आवाजात बोलू लागला, “पुढील कडव्यांसाठी आजच सदस्य व्हा. पहिला आठवडा मोफत.”

बाबा घाईघाईनं बटण चाचपडू लागले. फोननं तेच वाक्य पुन्हा वाचलं.

मागून कुणीतरी पहिलंच कडवं परत सुरू केलं. काहींनी दुसरं आठवायचा प्रयत्न केला, पण इतकी वर्षं पडद्यावर वाचून म्हटलेलं पाठ कसं असणार? चौथ्यातली ओळ दुसऱ्यात शिरली आणि सगळा विचका झाला. बटणबाईला गीत येत होतं. तिनं दुसरं कडवं उचललं. कुणी साथ दिली नाही. लोक तिच्याकडे असं बघत होते की पुढच्या ओळीला तीच अडखळली. बाबांना तर सगळं पाठ होतं, खिळा न् खिळा त्यांनी जुळवलेला. पण ते मान खाली घालून उभे राहिले. सेक्रेटरी गर्दीच्या कडेला मूग गिळून उभे होते.

उरलेली माती नुसत्या फावड्यांच्या आवाजात पडली. घंटाआजींना मंडळीनं पहिल्याच कडव्यात, विझलेल्या कंदिलापाशी सोडून दिलं.

परत निघताना बेकरीवाला तिच्याजवळ आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, “ताई, पगाराचं कानावर आलं होतं. पण आजचा दिवस तरी थांबायचं होतं.”

“मी नाही केलं हे,” ती म्हणाली, पण तोवर तो पुढं गेला होता.

घरी आई खिडकीपाशी मशीनवर बसली होती. तिचे गुडघे धरले होते म्हणून ती दफनाला आली नव्हती. ती एका कपड्यांच्या कारखान्यासाठी घरी कॉलर शिवत असे, बटणबाईला आठवतं तेव्हापासून. बाबा खुर्चीत बसले. ताट वाढलं तर त्यांनी ते बाजूला सारलं.

“मढ्याच्या उशाशी पैसे मागितलेस,” ते म्हणाले.

“कुलूप मी लावलं नाही, बाबा.”

“पगार मागितला होतास की नाही?”

“मागितला होता. ते वेगळं आणि हे वेगळं.”

“माझ्या लेखी एकच. देवाच्या कामाला एकदा भाव लावला की असंच होतं. मी या मंडळीसाठी अख्खं पुस्तक जुळवलं. छापखान्यातल्या कामावरून महिना महिना सुट्टी काढून तिथलेच खिळे वापरले. एका दमडीला हात लावला नाही.”

मशीन थांबलं. आईनं सुईखालचा कपडा काढला आणि मांडीवर ठेवला.

“दमडीला हात लावला नाहीत, खरं आहे,” ती म्हणाली. “पण ती सुट्टी बिनपगारी होती. त्या महिन्यांत घरात पीठ कुठून येत होतं, हे कधी विचारलंत?”

बाबांनी तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं.

“मी कॉलरी शिवत होते,” आई म्हणाली. “तुम्ही पुस्तक जुळवत होतात तेव्हा दुप्पट शिवत होते. लोक म्हणायचे, केवढा त्यागी माणूस. मीही मान हलवायचे. तुमचं फुकट काही फुकट नव्हतं हो. ते मी भरत होते. भरशील का, असं एकदाही कुणी विचारलं नाही मला. तुम्हीसुद्धा.”

“कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही गात होतात ना. मध्ये कशी बोलणार?”

ती पुन्हा कपडा सुईखाली सरकवू लागली, पण दोरा निघाला. बटणबाईनं तो ओवून दिला. तिला आईचा अभिमान वाटत होता आणि स्वतःची लाज. लाज अशासाठी की पिठाचा प्रश्न तिनंही कधी विचारला नव्हता. बाबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत, पण का जेवले नाहीत, ते आता बदललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अ‍ॅपमध्ये शिरायला गेली, तर पासवर्ड चालेना. तिनं सरळ सेक्रेटरींना फोन लावला.

“पासवर्ड बदललात, काका?”

“मंडळीच्या नावावर आहे ते. मंडळीनं बदलला.”

“मंडळी म्हणजे तुम्ही.”

मग खरं काय ते बाहेर आलं. त्यांनी चाचणी म्हणून कंपनीला आत येऊ दिलं होतं. कुलूप फक्त नवीन येणाऱ्यांना दिसेल, अशी त्यांची समजूत. कंपनीनं ते सगळ्यांनाच लावलं.

“आणि कबरीपाशी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत,” ती म्हणाली. “सगळे मला खात होते तेव्हा.”

“ती काय वेळ होती का बोलायची?” मग त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघ, झालं ते झालं. कंपनी तुला कामावर ठेवायला तयार आहे. दरमहा पगार, तुला हवा होता तसा. फक्त आता आरडाओरडा करू नकोस. चार दिवसांत लोक विसरतात.”

बटणबाई फोन कानाला लावून उभी राहिली. पगार समोर होता. आईचं मशीन बंद करता आलं असतं. खरं सांगायचं तर तिचा जीव एकदा तिकडे ओढला, आणि ज्याचा ओढला नसता त्यानं तिला नावं ठेवावीत.

“मला पगार हवाय,” ती म्हणाली, “पण घंटाआजींच्या कडव्यांना कुलूप घालून मिळणारा नकोय. तो तुम्हीच घ्या.”

तिनं फोन ठेवला आणि कामाला लागली. अ‍ॅप मंडळीच्या नावावर असलं तरी आतली सगळी कारागिरी तिच्या संगणकावर होती, आणि मूळ आवाजही. गीतं जुनी होती, त्यांवर कुणाचा हक्क उरला नव्हता. आवाज मात्र माणसांचे होते. म्हणून तिनं एकेकाला फोन केला. पियानोवाल्या काकांना, इस्पितळातल्या नर्सबाईंना, चौकातल्या न्हाव्याला. ती ठरलेलं एकच सांगत होती, की मी हे सगळं उघड्यावर ठेवतेय; ज्याला हवं त्यानं न्यावं, छापावं, वाटावं, आणि कुणालाच ते पुन्हा बंद करता येऊ नये. तुमचा आवाज ठेवू का?

“आधी सांग, कुलूप तूच लावलंस ना?” नर्सबाईंनी विचारलं.

“नाही.”

“मग कुणी?”

“रविवारी सांगते. सगळ्यांसमोर.”

“ठेव माझा आवाज,” नर्सबाई म्हणाल्या. “आणि रविवारी मी पुढच्या बाकावर बसते.”

न्हाव्यानं एवढंच विचारलं, की आवाज उघड्यावर ठेवला तर दुसरं कुणी तो चोरून स्वतःचा म्हणेल का. म्हणू शकेल, ती म्हणाली. न्हावी हसला. “माझा आवाज चोरायला कुणी बसलंय म्हणजे मी मोठाच झालो की. ठेव.” सगळ्यांनी होकार दिला. एका बाईंनी फक्त आपलं एक गीत पुन्हा म्हणवून घ्यायला लावलं, कारण पहिल्या वेळी त्यांना सर्दी होती.

काम झालं तशी ती बेकरीत गेली. बेकरीवाला पीठ मळत होता. तिला बघून त्यानं मान वळवली. तिनं काही न बोलता फोन फळीवर ठेवला आणि गीत लावलं. पहिलं कडवं संपलं. त्याचे हात थांबले. दुसरं सुरू झालं, तिसरं, आणि तसंच पुढं, दार उघडून ताट वाढलेलं दिसेपर्यंत. तोवर तो पिठाच्या हातांनीच डोळे पुसत होता.

“कुलूप सेक्रेटरींच्या कृपेनं लागलं होतं,” ती म्हणाली. “हे आता कुणाच्या बापाला बंद करता येणार नाही. आणि पगार मी मागितला होता, तो अजूनही मागतेय. दोन्ही ऐकून घे.”

“आईला हे ऐकू गेलं असेल का?” त्यानं विचारलं.

“ते मला ठाऊक नाही. मी फक्त अ‍ॅप बनवते.”

रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सगळ्यांना थांबवून घेतलं. सेक्रेटरी उभे राहिले आणि गैरसमज, तांत्रिक अडचण, सर्वांनी क्षमाशील असावं, अशा वळणानं बोलू लागले. बटणबाई मधेच उठली. पुढच्या बाकावरून नर्सबाईंनी, “बोल गं,” म्हटलं.

ती बोलली. कुणी कुणाला आत येऊ दिलं, कुणी पासवर्ड बदलला, कबरीपाशी कोण गप्प राहिलं, सगळं. सेक्रेटरींचा चेहरा उतरला, पण त्यांनी नाकारलं नाही. एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता.

“आणि कंपनीनं काल प्रस्ताव मागं घेतला,” ते म्हणाले. “जे रस्त्यावर मांडलंय ते विकत कोण घेणार? छपराचा पैसा गेला. हे नुकसान तू केलंस मंडळीचं!”

“केलं,” बटणबाई म्हणाली. “पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. गीतं आता सगळ्यांची आहेत. पैसे नसलेल्याची, परक्याची, नास्तिकाची, ज्याला ऐकायचंय त्याची. ती विकता येणार नाहीत, आणि ती मी मागं घेणार नाही.” तिनं दम घेतला. “आता दुसरं. तुम्ही मला पगार ठरवणार आहात की नाही, तेही आज सांगा. नाही म्हणालात तर उद्यापासून मी दुसरीकडे कामाला. गीतं राहतील. पण अक्षर मोठं करून द्यायला, बिघडलेलं दुरुस्त करायला, तुमचे फोन घ्यायला मी नसेन. दुकान तुमच्या भक्तीचं आणि राबणारी मी एकटी, हे आता नाही चालायचं.”

सभागृहात कुजबुज उठली. मागून एक गृहस्थ म्हणाले, “बाई, तुझ्या वडिलांकडे बघ. त्यांनी कधी मागितलं?”

हे ऐकलं आणि बाबा उठले. बाकाची पाठ धरून ते सरळ उभे राहिले, गाणं उभं करताना राहायचे तसे. ते लेकीला चार शब्द सुनावणार, असंच सगळ्यांना वाटलं, आणि खरं तर तिलाही.

“मी मागितलं नाही,” ते म्हणाले. “त्याचा मला फार गर्व होता. परवा घरी कळलं की मी फुकट काही केलंच नव्हतं. पैसे माझी बायको भरत होती, शिवून. तिला न विचारता तिचे कष्ट मी देवाला देऊन टाकले, आणि नाव माझं झालं. तुम्ही मला त्यागी म्हणालात आणि मी ते म्हणवून घेतलं.” ते बसले नाहीत. “त्या दिवशी मला सगळी कडवी येत होती. लेकीवर रुसून मी गप्प राहिलो. घंटाआजींचा अपराधी मी आहे. माझं उदाहरण या पोरीला देऊ नका. माझं उदाहरण चुकलेलं आहे.”

खजिनदार बोटांनी गुडघ्यावर ताल धरून बसला होता, तो थांबला. मग बेकरीवाल्यानं हात वर केला आणि म्हणाला, “माझ्याकडून दर महिन्याला. किती ते खजिनदारांना सांगतो. आईच्या नावानं नको, माझ्या नावानं लिहा.” नर्सबाईंचा हात वर गेला. न्हाव्याचा गेला. पियानोवाल्या काकांनी दोन्ही हात वर केले आणि लोक हसले. उदाहरण देणारे गृहस्थ इकडे तिकडे बघत राहिले, आणि शेवटी बायकोनं कोपरानं ढोसल्यावर त्यांचाही हात अर्धा वर आला. सगळे हात वर आले नाहीत. काही जण तर उठून बाहेर गेले, आणि छप्पर पुढच्या पावसातही गळणारच होतं. पण एका माणसाचा पगार निघेल एवढे हात होते.

सेक्रेटरींनी नोंदवही उघडली. त्यांना काम म्हणजे काम, हरल्यावरसुद्धा.

“नोंद नीट व्हायला हवी,” ते जरा चिडूनच म्हणाले. “ठरावात काय लिहू? फुकट की सशुल्क? एक काहीतरी सांगा.”

पाळकसाहेबांनी बटणबाईकडे बघितलं, बटणबाईनं बाबांकडे. पण उठली आई. गुडघे धरलेले असूनही त्या दिवशी ती आली होती. या सभागृहात ती जन्मभर बसली होती आणि सभेत कधी बोलली नव्हती, त्यामुळं सेक्रेटरींना आधी कळलंच नाही की आवाज कुणाचा.

“ऐकणाऱ्याला फुकट,” आई म्हणाली. “करणारीला नाही. लिहा, मी थांबते.”

आणि सेक्रेटरींचं लिहून होईपर्यंत ती उभी राहिली.